राजपुत्राची कुंची

आमच्या टिटवाळ्याच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या बहुतेकांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मालूच्या, घरातली ती फ्रेम पाहिली आहे. चहाला आलेल्या माणसाला ती दाखवल्याशिवाय मालूने कधी सोडलं नाही. जाड पांढरा कागद, वर मुकुट, खाली टाइप केलेल्या सात इंग्रजी ओळी आणि हिरव्या शाईतली सही. परदेशातल्या एका राणीच्या चिटणिसाने मालूला पाठवलेलं आभाराचं पत्र.

ते पत्र मी लिहिलं होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास वाचताना माझ्या मनावर कसलं ओझं होतं ते तुम्हाला ठाऊक असेल.

आमचे वडील ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. कारखान्याचा एक परदेशी इंजिनियर दरवर्षी वडिलांना त्याच्या देशाचं कॅलेंडर द्यायचा. उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठचा लहानसा देश. नाव लिहीत नाही. त्या लोकांचं नाव मी एकदा विनापरवाना वापरलं आहे, पुन्हा नको. कॅलेंडरवर राजघराण्याचे फोटो असत आणि डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास खात ते वर्षभर टांगलेले असत. मालू त्यांच्यात वाढली. त्यांचे वाढदिवस तिला आमच्या मावसभावंडांच्या वाढदिवसांपेक्षा नीट पाठ.

तिथे राजपुत्र जन्मला तेव्हा मालूचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने त्याच्यासाठी कुंची शिवली. आईच्या जांभळ्या नऊवारीचं जुनेर घेतलं, कारण तान्ह्या अंगाला नवं कापड टोचतं. आतून मलमल, डोक्यावर गोंडा, कडेने झालर आणि मागे पाठीवर साखळीटाक्याने काढलेला छोटा मुकुट. मी ठाण्यात एका कंपनीत टाइपिस्ट होतो, मुंबईला कामासाठी जात असे. पार्सल तिने माझ्याकडे दिलं.

मुंबईच्या पोस्टात परदेशी पार्सलच्या खिडकीशी फॉर्म भरायचा होता. त्यात वस्तूचं नाव लिहायचं. कुंचीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. ‘टोपी’ लिहिलं, खोडलं. ‘कापड’ लिहिलं. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी विचारलं, काय पाठवताय. जुन्या साडीचं बाळाचं आहे, राजाच्या घरी पाठवतोय, म्हणालो. ते हसले. वाईट नव्हते हसले. पण मला एकदम लाज वाटली, की आपण राजाच्या घरी जुनेर पाठवतोय. मी फॉर्म खिशात घातला आणि पार्सल परत ऑफिसात आणलं.

त्याच आठवड्यात आमच्या स्टोअरमधल्या काशिनाथला मुलगा झाला. कोलशेतचा काशिनाथ, माझा मित्र. बारशाला हात हलवत कसं जायचं म्हणून मी तीच कुंची नेली आणि म्हणालो, माझ्या बहिणीने खास तुमच्या बाळासाठी शिवली. उत्तरासाठी पत्ता माझ्या ऑफिसचा होता, म्हणून इकडे मालू रोज विचारायची, उत्तर आलं का. दोन महिने विचारलं. शेवटी मी कॅलेंडरचा मुकुट कापून, चिकटवून, झेरॉक्स काढून ते पत्र तयार केलं.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी मालूला कोलशेतला एकदाही नेलं नाही.

शनिवार, डोंबिवली

यंदा तोच राजपुत्र बायको आणि दोन लहान मुलं घेऊन आपल्या देशात येणार असल्याची बातमी मालूनेच मला वाचून दाखवली. चार दिवसांनी काशिनाथचा फोन आला. ‘तुझ्या बहिणीचा राजा आमच्या खाडीवर येतोय, कांदळवन बघायला. रविवारी. घेऊन ये तिला, आता तरी.’ फोन स्पीकरवर होता. मालूने मला हो-नाही म्हणायला वेळच दिला नाही.

तिची तयारी लग्नघरासारखी चालली. मोतिया साडीला इस्त्री झाली, कात्रणांच्या दोन वह्यांना नवी कव्हरं आली, दोन दिवस चिवडा झाला. आणि फ्रेम. ती राजपुत्राला नाही तर निदान त्याच्या माणसांना दाखवायची, असं तिने ठरवलं होतं. ‘त्याला सांगता येईल ना, तुझ्या आईने मला पत्र पाठवलं होतं,’ ती म्हणाली. मी तीन वेळा फ्रेम जड होईल म्हणून बघितलं. तिने ती टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरली.

गाडीचा प्रवास तुम्ही सगळे करता, तो लिहीत नाही. कल्याणला गाडी बदलताना फ्रेम जिन्याच्या कठड्याला आपटली आणि काच तडकली, एवढंच सांगतो. मालूचा चेहरा उतरला. मग तिला आठवलं की फ्रेम केली होती ते दुकान डोंबिवलीत मानपाडा रोडला आहे. उतरलो.

दुकान होतं. पहिल्या मालकांचा मुलगा आता पन्नाशीचा झाला आहे आणि देवांच्या तसबिरींपेक्षा पदवीदानाचे फोटोच जास्त करतो. मालू बाहेरच्या स्टुलावर बसून समोरच्या गाडीवरच्या उसाच्या रसाची चौकशी करू लागली. त्याने मागची पट्टी काढली, पत्र अलगद उचललं आणि सवयीने उजेडासमोर धरलं. कागदात पाण्यासारखी फिकट अक्षरं दिसली. आपल्याकडच्याच एका कागदगिरणीचं नाव. आमच्या ऑफिसात त्याच गिरणीचे कागद यायचे.

‘काका, हे परदेशातून आलेलं ना? बाबा सांगायचे,’ तो म्हणाला. मग पुन्हा कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजरेनेच बाहेर बसलेली मालू दाखवली. त्याने पत्र खाली ठेवलं, नवी काच पुसली, खिळे ठोकले आणि फ्रेम मालूच्या हातात देऊन म्हणाला, ‘मावशी, जपून न्या. अशी वस्तू परत होत नाही.’

रस पिताना मी सांगायचं ठरवलं. मालूने आलं-लिंबू घातलेला ग्लास माझ्यापुढे केला आणि म्हणाली, ‘दादा, तू नसतास तर ते पार्सल गेलंच नसतं बघ. आमच्या ह्यांनी केव्हाच वेड्यात काढलं होतं मला.’ मी रस प्यायलो.

शनिवार, कोलशेत

ठाण्याहून रिक्षा केली. कोलशेत मी ओळखलं नाही. एकेकाळी कंपनीच्या सुट्टीला मी काशिनाथकडे यायचो तेव्हा गावाबाहेर पडलं की मिठागरांचे चौकोन उन्हात चमकायचे आणि डोळे मिटून घ्यावे लागायचे. आता तिथे आभाळात घुसलेले टॉवर आहेत आणि त्यांची नावं परदेशातल्या गावांसारखी आहेत. मालू प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होती. टॉवर संपले, रस्ता अरुंद झाला आणि खाडीचा ओळखीचा खारट, चिखलाचा वास आला, तेव्हा मला कळलं की पोचलो. रिक्षात सांगायचं ठरवलं होतं, तेही राहिलं.

काशिनाथचं घर आता तीन मजली आहे. पण ओटा पूर्वीसारखाच, गावाकडे तोंड करून, आणि त्यावर येणारा-जाणारा बसलेला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी आणि मग चौकशी. इथे चौकशी लांबूनच ओरडून सुरू होते आणि पाणी येईपर्यंत अर्धी कुळकथा झालेली असते. काशिनाथ काठी टेकत पुढे आला. आणि दारातून त्याची बायको, यशोदावहिनी, आली. तिच्या कडेवर धाकट्या मुलाची चार महिन्यांची मुलगी होती.

मुलीच्या डोक्यावर जांभळी कुंची होती.

रंग विटला होता. झालर दोनदा बदललेली दिसत होती. पण वहिनी वळली तेव्हा पाठीवरचा साखळीटाक्याचा मुकुट मला ओट्याखालून दिसला. मालूलाही दिसला.

‘ये गो बाय,’ वहिनी म्हणाली, ‘यवरी वर्सं लावलीस येवाला. तुजे हातची कुंची आमचे सगले पोरांनी घातली. तुना बगावाला मिलंल असा वाटला नव्हता.’

मालू फ्रेम धरून उभी होती. तिने कुंचीकडे पाहिलं, मुकुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओट्यावरची माणसं आमच्याकडे वळली, कारण तिचा चेहरा पाहुण्या बाईचा राहिला नव्हता.

मी म्हणालो, ‘मालू, मी ती पाठवलीच नाही.’

‘मग पत्र?’

‘मी टाइप केलं. ऑफिसात.’

एवढंच झालं. चाळीस वर्षं मी ज्याला भीत होतो ते संपायला आठ-दहा शब्द लागले. मालूने फ्रेम ओट्यावर ठेवली, पालथी. मग तिने हात पुढे केले आणि यशोदावहिनीकडून मुलगी घेतली. झालरीची कड उलटून टाके बघितले, गोंडा चाचपला. बराच वेळ ती तेच करत होती. काशिनाथ माझ्याकडे बघत होता. त्यालाही आत्ताच कळलं होतं की आपल्या घरची कुंची आपल्यासाठी शिवलेली नव्हती. मला दोन्ही घरांपुढे मान वर करता येईना.

‘मुकुट होता म्हणून आम्ही म्हणायचो, गणपतीचा आहे,’ काशिनाथ शेवटी म्हणाला. ‘टिटवाळ्याची बहीण ना, म्हणून काढला असेल.’

मालूने विचारलं, किती मुलांनी घातली. काशिनाथ बोटांवर मोजू लागला. थोरला भालचंद्र, मग त्याच्या बहिणी, धाकटा भाऊ, मग भावकीतल्या घरांत गेली, परत आली, मग नातवंडं. मधेच वहिनीने दोन नावं घातली. चौदा झाली. कडेवरची पंधरावी.

मालूने मुलगी संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

माझ्याशी ती बोलत नव्हती. बोलायचं झालं तर काशिनाथमार्फत. ‘तुमच्या मित्राला विचारा, चहा हवा का.’ ‘तुमच्या मित्राच्या गोळ्यांची वेळ झाली.’ काशिनाथ निरोप इमानाने पोचवायचा, मी हातभर अंतरावर बसलेलो असताना.

दिवेलागणीला यशोदावहिनीने पाट मांडला. तान्ह्याला पहिली कुंची आत्याने घालायची, आणि घालणाऱ्या आत्याचा मान करायचा, ही आपल्याकडची रीत. काशिनाथला सख्खी बहीण नाही. मी कुंची नेली त्या दिवसापासून या घरात मालूला आत्या म्हणत आले आहेत आणि तिचा मान बाकी आहे म्हणत आले आहेत, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मालू मागे सरकली. यजमान गेल्यापासून अकरा वर्षं कुणी तिची ओटी भरलेली नाही. आमच्याकडे भरत नाहीत. ‘आणि मी तुमच्यासाठी शिवलीच नव्हती हो,’ ती म्हणाली. ‘आताच ऐकलंत ना.’

‘घातली कुनी?’ वहिनीने विचारलं. ‘आमचे पोरांनी ना? मंग आत्या तूच. बस पाटावर.’

तिला हिरवी सुती साडी दिली, नारळ दिला, तांदळाने ओटी भरली. मालूचा पदर पुढे करायला हात लवकर वर येईना, तेव्हा भालचंद्रच्या बायकोने तिचा पदर धरला. कोलशेतच्या त्या बायकांचे उपकार मी कोणत्या शब्दांत मांडू ते मला सुचत नाही. माझ्या लबाडीतून त्या घराने एक नातं केलं होतं आणि माझ्या नकळत चाळीस वर्षं सांभाळलं होतं.

जेवायला आमच्यासाठी वालाचं बिरडं वेगळ्या भांड्यात केलेलं, आणि तांदळाची भाकरी. इथली भाकरी आमच्याकडच्या दीड भाकरीएवढी आणि पापुद्रा असा सुटलेला की फुंकर घातली तर उडेल. बिरड्याला ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमच्यासारखा गूळ नाही. मी पानावर बसलो आणि वहिनीने सवयीने माझ्या ताटात खाडीच्या कोळंबीचं कालवण वाढलं. ऑफिसात वर्षानुवर्षं काशिनाथच्या डब्यातली कोळंबी मी खाल्ली आहे. घरी मात्र आम्ही कडक शाकाहारी. वहिनीचा पळा थांबला. मालूने ताटाकडे बघितलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

‘अजून काय काय आहे?’

‘एवढंच,’ मी म्हणालो.

‘वाढा त्यांना,’ ती वहिनीला म्हणाली. ‘आता काय लपवायचं राहिलंय.’ ओट्यावरचा भालचंद्र ठसका लागेपर्यंत हसला.

रविवार, खाडी

सकाळी मालूने फ्रेम सुलटी करून माझ्यापुढे धरली. ‘वाच. मराठीत सांग. सगळ्यांना ऐकू दे.’

मी वाचलं. आपण प्रेमाने पाठवलेली भेट पोचली. महाराणींना अतिशय आवडली. राजपुत्र ती घालून शांत झोपतो.

‘शांत?’ यशोदावहिनी म्हणाली. तिने भालचंद्रकडे हात केला. तो चाळिशीचा, टक्कल पडलेला, ओट्यावर दाढी करत होता. ‘यानं सहा महिने झोपू दिला नाय कुनाला.’

मालू हसली. मोठ्याने नाही, पण हसली. मग म्हणाली, ‘हे पत्र आता इथेच राहू दे. पत्ता चुकला होता, एवढंच.’ भालचंद्रने फ्रेम आत नेली. पुढे तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.

खाडीकडे जायच्या रस्त्याला दोरी बांधली होती. पोलीस होते, शाळेची मुलं कागदी झेंडे घेऊन उभी होती, आणि टॉवरमधली माणसं गॅलरीत. गावकऱ्यांना पुढची जागा दिली होती. पाणी ओहोटीचं होतं. कांदळाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आली होती आणि त्यांच्यामधून निवट्या, चिखलात राहणारे ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. काशिनाथ मला म्हणाला, राजाने यायला वेळ चुकीची निवडली, भरतीला खाडी देखणी दिसते. मला तरी ती तशीच देखणी वाटली.

मालूने मोतिया साडी नेसली नव्हती. नवी हिरवी नेसली होती, कडक, अंगापासून फुगलेली. कडेवर मुलगी, मुलीच्या डोक्यावर कुंची. कात्रणांच्या वह्या माझ्याकडे होत्या. दीड तास उभे होतो. तिला खुर्ची आणून दिली तर ती म्हणाली, बसले तर दिसणार नाही. वहिनीने मुलगी मागितली तर दिली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या पायांना गोळे आले, आणि तिच्यात मला बाराव्या वर्षाची मालू दिसत होती, कॅलेंडरचं पान उलटायला पहाटे उठणारी.

मग गाड्या आल्या. ते उतरले आणि लाकडी पुलाकडे चालत गेले. राजपुत्र उंच आहे, उन्हाने लाल झाला होता आणि डोक्यावर केस विरळ झाले आहेत. बायकोने लहान मुलाला उचललं होतं. पाच-सहा वर्षांची मुलगी बापाचं बोट धरून चालत होती आणि तिचं लक्ष निवट्यांकडे होतं. ती थांबली, वाकली, बापाला ओढू लागली. तोही वाकला. त्यामुळे आमच्यासमोर, पंधरा-वीस पावलांवर, ते क्षणभर थांबले. तेवढंच.

शाळेची मुलं ओरडत होती. मालू ओरडली नाही. हाकही मारली नाही. तिने कडेवरच्या मुलीला दोन्ही हातांनी वर धरलं, पाठीवरचा मुकुट आमच्याकडे आणि तोंड पुलाकडे, आणि तिच्या कानाशी म्हणाली, ‘बघ गं. ज्याची कुंची तू घातलीस ना, तो बघ.’

राजपुत्राच्या मुलीने बहुधा बाळ पाहिलं. तिने हात हलवला. कुणाला ते सांगता येणार नाही, तिथे शंभर माणसं होती. पण मालूने त्या कोलशेतच्या तान्हीचा हात धरून परत हलवला.

ते पुढे गेले. मालू वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘दादा, त्याचं डोकं मोठं आहे रे. बसली नसती.’

ती मला दादा म्हणाली. उन्हामुळे डोळ्यांत पाणी आलं, असं मी काशिनाथला सांगितलं. हे शेवटचं खोटं.

टिटवाळ्याला परत

येताना, कल्याण सोडल्यावर मालू म्हणाली की हे सगळं लिहून काढ आणि कट्ट्याच्या वार्षिक अंकात दे, कारण फ्रेम सगळ्यांनी पाहिली आहे आणि आता भिंतीवर नुसता चौकोन दिसेल, मी कुणाकुणाला सांगत बसू. मी विचारलं, तुला वाईट वाटलं ना. ती म्हणाली, ‘वाटलं. अजून वाटतंय. तू काय समजलास, ओटी भरली की संपलं?’ थोड्या वेळाने तिने पिशवीतून कोलशेतची भाकरी काढली, अर्धी मला दिली.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही सगळ्यांनी त्या पत्राचं कौतुक केलंत, मी शेजारी बसून ते ऐकलं, त्याबद्दल तुमचीही क्षमा मागतो. कुणाला तो प्रवास करायचा असेल तर कोलशेतला ओहोटीच्या वेळी जा आणि यशोदावहिनीच्या हातचं बिरडं खा. आमचं नाव सांगा, चालेल. तिथे आम्हाला नातेवाईक समजतात.

मालू हल्ली रोज ती हिरवी साडी नेसते. धुते, वाळवते, पुन्हा नेसते. परवा मी म्हटलं, चांगली साडी अशी रोज कशाला वापरतेस, जीर्ण होईल. ती म्हणाली, ‘व्हायलाच हवी. नवं कापड टोचतं.’

जुनेर व्हायला अजून पाच-सात वर्षं तरी लागतील. त्यातून होणारी कुंची कोलशेतला जाईल की त्या थंड देशाला, हे तिने सांगितलेलं नाही. पोस्टाच्या खिडकीशी मात्र मीच उभं राहायचं आहे, असं तिने बजावलं आहे. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते मला आता ठाऊक आहे. कुंची. आईच्या नऊवारीची नाही, आत्याच्या साडीची.